काचेवरची साक्ष : पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफी आणि व्हिसेरा अहवालाचे वाचन

शवविच्छेदनाच्या कागदावर मृत्यूच्या कारणासमोर पुष्कळदा एकच वाक्य लिहिलेले असते : 'व्हिसेरा राखून ठेवला आहे, मत राखीव.' ज्या घरात हा कागद येतो त्या घरासाठी ते वाक्य म्हणजे महिनोन्महिन्यांची प्रतीक्षा असते. मृताच्या जठराचे, आतड्याचे, यकृताचे, मूत्रपिंडाचे भाग बरण्यांत बंद होऊन औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात आणि यथावकाश तेथून एकदोन ओळींचे उत्तर येते. गावात त्याला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. धर्मापुरीच्या पंचक्रोशीत हा कागद घेऊन माणसे शिक्षकाकडे येतात, कारण तो वाचून दाखवील असा दुसरा कोणी जवळ नसतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्राच्या प्रांतात आम्ही का शिरावे, असे आमचे माजी विद्यार्थी विचारतील. त्यांना सांगावयाचे ते इतकेच की, एखादे साधन काय सांगते आणि कोठपर्यंतच सांगू शकते हे तपासणे हाच इतिहासाच्या अभ्यासकाचा धंदा आहे, आणि प्रयोगशाळेतील काचेची पट्टी हेही एक साधन आहे. ते कसे बोलते हे समजले नाही, तर अहवालातील 'आढळले' आणि 'आढळले नाही' या दोन शब्दांचा अर्थ भलताच लावला जातो. हा अनर्थ आम्ही पाहिला आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

विषाचा माग काढण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांपैकी जुनी, स्वस्त आणि अजूनही पहिल्या चाळणीसाठी वापरली जाणारी पद्धत म्हणजे पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफी. प्रयोगशाळेतील मंडळी तिला नुसते 'टीएलसी' म्हणतात. शालेय पुस्तकांत तिच्या कुळातील पद्धतीला 'रंजकद्रव्य पृथक्करण' असे नाव आहे. नाव भारदस्त असले तरी तिची पहिली ओळख आपल्या फळ्याखालच्या खडूवरही होते. खडूच्या तळापासून बोटभर उंचीवर काळ्या स्केचपेनाने एक रेघ गोल फिरवावी आणि खडू बशीत उभा करावा. बशीत पाणी इतकेच असावे की ते रेघेला टेकणार नाही. पाणी खडूतून वर चढू लागते, रेघेपाशी येते, शाईला बरोबर घेते आणि थोड्याच वेळात काळ्या रंगातून निळा, जांभळा, कधी पिवळसर असे पट्टे वेगळे होऊन वर सरकलेले दिसतात. काळा रंग एक नव्हता, अनेकांचे मिश्रण होते, हे पाचवीतल्या मुलालाही सांगावे लागत नाही.

प्रयोगशाळेत खडूच्या जागी काचेची पट्टी असते. सिलिका जेलची अगदी बारीक पांढरी भुकटी पाण्यात कालवून काचेवर पसरतात. थराची जाडी साधारण पाव मिलिमीटर. भुकटी काचेला धरून राहावी म्हणून तिच्यात थोडे जिप्सम असते. थर वाळला की भट्टीत ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. मग तळापासून दीड-दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेषा आखून तिच्यावर काचेच्या केशनळीने नमुन्याचा टिंब ठेवतात. रेषा पेन्सिलीचीच हवी, शाईची असेल तर तीच धावत सुटेल. तळाशी थोडे द्रावक घातलेल्या झाकणाच्या काचपात्रात ही पट्टी उभी केली की द्रावक भुकटीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, आपोआप वर चढते. चढताना त्याची गती मंदावत जाते : पाच सेंटिमीटरला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण चौपट वेळ दहा सेंटिमीटरला लागतो. वरच्या कडेला पोहोचण्याआधी पट्टी बाहेर काढून द्रावक जेथवर आले तेथे लगेच खूण करावी लागते, कारण ते पाहता पाहता उडून जाते.

मिश्रणातले पदार्थ वेगळे का होतात, हा या धड्याचा गाभा. पुष्कळांची समजूत अशी असते की काही पदार्थ वेगाने पळतात आणि काही हळू चालतात. वस्तुस्थिती निराळी आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची कल्पना करावी. मिरवणूक एका संथ चालीने गावातून पुढे जात असते. तिच्यात दोन जण एकाच ठिकाणी सामील होतात. पहिल्याची या रस्त्यावर कोणाशी फारशी ओळख नाही, तो मिरवणुकीबरोबर सरळ चालत राहतो. दुसऱ्याचे घरोघर नातेगोते आहे. तो प्रत्येक दारी थांबतो, जयभीम घालतो, पाणी पितो आणि पुन्हा मिरवणुकीत शिरतो. मिरवणूक लांब असल्यामुळे तो बाहेर येतो तेव्हा मागचा घोळका त्याच्यापाशी आलेला असतो, तो त्यांच्याबरोबर चालू लागतो. चालताना दोघांचा वेग एकच आहे, मिरवणुकीचा. तासाभराने पहिला चौकात आणि दुसरा अजून वेशीजवळ असेल, तर तो फरक सर्वस्वी थांबण्यात गेलेल्या वेळाचा आहे.

द्रावक म्हणजे ही मिरवणूक आणि सिलिकाचे कण म्हणजे रस्त्यावरची घरे. सिलिकाच्या पृष्ठभागावर सर्वत्र ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर तोंड करून असतात. ज्या रेणूत ऑक्सिजन, नायट्रोजन अशा विद्युतभार एकीकडे ओढून घेणाऱ्या अणूंचे गट आहेत, त्याला या जोड्या धरून ठेवतात. ही पकड कायमची नसते. रेणू क्षणभर टेकतो, सुटतो, द्रावकाबरोबर थोडा वर जातो, पुन्हा टेकतो. काही सेंटिमीटरच्या वाटेत हे असंख्य वेळा घडते. एका टेकण्यातला फरक नगण्य असतो, असंख्य टेकण्यांची बेरीज झाली की तो डोळ्यांना दिसू लागतो. तेलकट, नुसत्या कार्बन-हायड्रोजनचे बनलेले रेणू सिलिकाला ओळखच देत नाहीत, म्हणून ते द्रावकाबरोबर शेंड्याला जातात.

पालकाच्या पानावर हे फार सुरेख दिसते. पान थोड्या अॅसिटोनमध्ये खलून तो हिरवा अर्क पट्टीवर ठेवावा आणि पेट्रोलियम ईथरमध्ये अॅसिटोन मिसळून ते द्रावक चढू द्यावे. (हे वर्गात करताना शिक्षक समोर हवेत आणि जवळपास ज्योत नको. दोन्ही द्रावके भडकणारी आहेत.) सर्वांत वर नारिंगी-पिवळा ठिपका जातो, तो कॅरोटीनचा. त्यात ऑक्सिजनचा एकही अणू नाही. त्याच्या बऱ्याच खाली निळसर हिरवे हरितद्रव्य 'अ', त्याच्या लगेच खाली पिवळसर हिरवे हरितद्रव्य 'ब', आणि तळाकडे झँथोफिलचे पिवळे ठिपके. दोन्ही हरितद्रव्यांची रचना जवळजवळ सारखी आहे. एवढ्या मोठ्या रेणूत फक्त एका जागी, 'अ'मध्ये जेथे मिथिल गट आहे तेथे 'ब'मध्ये ऑक्सिजन असलेला अल्डिहाइड गट आहे. तेवढ्यावरून पट्टी त्या दोघांना निराळे ओळखते.

ठिपका किती चढला हे मोजण्यासाठी एक साधे गुणोत्तर वापरतात. ठिपक्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर, याला आर.एफ. मूल्य म्हणतात. द्रावक १० सेंटिमीटर चढले आणि ठिपका ४ सेंटिमीटरवर थांबला तर मूल्य ०.४. मिरवणुकीच्या भाषेत सांगायचे तर त्या रेणूने साधारण चाळीस टक्के वेळ चालण्यात आणि साठ टक्के वेळ दारोदार थांबण्यात घालवला. मूल्य शून्य आले तर तो जागचा हललाच नाही, एक आले तर कोठे थांबलाच नाही. दोन्ही परिस्थितींत पट्टी आपल्याला काही शिकवत नाही. अशा वेळी द्रावकाचे प्रमाण बदलावे लागते. हेक्झेनमध्ये अॅसिटोन वाढवले की अॅसिटोनचेच रेणू सिलिकावरच्या जागा अडवू लागतात, पदार्थाला टेकायला जागा कमी पडते आणि सगळे ठिपके वर सरकतात.

येथेच सावध व्हावे लागते. आर.एफ. मूल्य हा पदार्थाचा पत्ता आहे, असे वाटण्याचा मोह होतो. तो पत्ता मोठा लहरी आहे. पावसाळ्यात हवेतील ओल भुकटीवर बसते, सिलिकाच्या जागा पाण्यानेच भरून जातात आणि तोच पदार्थ मे महिन्यापेक्षा वर चढतो. काचपात्रात द्रावकाची वाफ नीट भरलेली नसेल तर कडेचे ठिपके मधल्यांपेक्षा वेगळे धावतात. टिंब फार दाट ठेवला तर ठिपक्याला शेपूट फुटते. शिवाय दोन अगदी भिन्न पदार्थ एकाच उंचीवर थांबू शकतात. म्हणून जाणता रसायनज्ञ नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. तो त्याच पट्टीवर, संशयित नमुन्याच्या शेजारी, माहितीच्या शुद्ध कीटकनाशकाचा टिंब ठेवतो. दोघे एकाच ओलीतून, एकाच द्रावकातून, एकाच वेळी चढतात, मग त्यांची तुलना न्याय्य ठरते. त्यानंतर वेगळ्या द्रावकात पुन्हा पट्टी चालवतो. दुसऱ्या द्रावकातही दोघे बरोबरच राहिले तर संशय बळावतो. एकदा जरी वेगळे पडले तरी ते एकच नाहीत हे निश्चित होते. थोडक्यात, 'हा तो नव्हे' हे पट्टी ठामपणे सांगते, 'हा तोच' हे सांगायला तिला सोबतीचे पुरावे लागतात. आपल्या धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले म्हणून ओळखले जाते. मंदिराचे शिल्प पाहून काळ सांगताना अभ्यासक हेच करतो : काळ ठाऊक असलेली मंदिरे शेजारी ठेवून पाहतो.

या पद्धतीचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे आपले काम प्रथम मांडले आणि १९०६ मध्ये त्याला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. काचेच्या नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरून त्याने पानांतील रंग वेगळे केले होते. योगायोग असा की रशियन भाषेत 'त्स्वेत' शब्दाचा अर्थच रंग असा होतो. मोठ्या प्रयोगशाळांतील प्रतिष्ठितांनी त्याच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवला नाही. १९१९ साली, पन्नाशीही न गाठता, तो गेला. त्याच्या पद्धतीला मान मिळाला तो १९३१ नंतर, जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी ती पुन्हा उचलली तेव्हा. नळीऐवजी काचेवर पातळ थर पसरण्याची कल्पना १९३८ मध्ये युक्रेनमधील खारकीव्हच्या निकोलाय इझमाइलोव्ह आणि मारिया श्रायबर यांची. औषधी वनस्पतींचे अर्क झटपट तपासता यावेत एवढीच त्यांची गरज होती. पुढे १९५० नंतरच्या दशकात एगॉन श्टाल या जर्मन शास्त्रज्ञाने भुकटी, थराची जाडी, उपकरणे यांचे प्रमाणीकरण केले आणि पद्धत जगभर गेली.

ती मराठवाड्यात आली तेव्हा तिला येथले काम मिळाले. हा कपाशीचा मुलूख. कपाशी आली की बोंडअळी आली आणि अळीपाठोपाठ फवारणी. एंडोसल्फान (ज्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली), मोनोक्रोटोफॉस यांसारखी द्रव्ये घराच्या कोनाड्यात, धान्याच्या कणगीशेजारी येऊन बसली. गावाने त्यांना एक विलक्षण नाव दिले : औषध. आपल्याकडे 'औषध पिले' म्हटले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. जगातील किती भाषांत जीव वाचवणाऱ्या आणि जीव घेणाऱ्या वस्तूला एकच शब्द असेल, कोण जाणे.

अशा मृत्यूंच्या तपासणीसाठी नव्या रासायनिक युक्त्या शोधण्याचे काम औरंगाबादेत झाले, हे आपल्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. पट्टीवरचे बहुतेक विषारी ठिपके रंगहीन असतात, ते दिसण्यासाठी पट्टीवर एखादे द्रावण फवारावे लागते. पॅलेडियम क्लोराइड फवारले की गंधक असलेली फॉस्फरसयुक्त कीटकनाशके पिवळी-तपकिरी दिसतात. सिल्व्हर नायट्रेट फवारून पट्टी अतिनील प्रकाशात धरली की क्लोरीनयुक्त द्रव्यांचे ठिपके काळवंडतात. परंतु सर्वच ठिपके उठवणाऱ्या फवाऱ्यापेक्षा एकाच द्रव्याला रंग देणारा फवारा अधिक मोलाचा, कारण शरीरातील चरबी व इतर घटकही पट्टीवर आपले ठिपके उमटवत असतात. १९९४ साली व्ही. बी. पाटील आणि एम. एस. शिनगारे यांनी जैविक नमुन्यांतील मोनोक्रोटोफॉस ओळखण्यासाठी असा फवारा 'अॅनालिस्ट' या ब्रिटिश नियतकालिकात मांडला. शिनगारे हे आपल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक होते. त्याच वर्षी १४ जानेवारीला त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले होते. नामांतराच्या लढ्याचा इतिहास आपण प्रतिवर्षी सांगतो. त्याच वर्षातील हे दोन पानी रासायनिक टिपण मात्र आपल्या व्यासपीठावर कोणी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

बरणीतील अवयवापासून ठिपक्यापर्यंतचा प्रवास आता थोडक्यात पाहू. शवविच्छेदनाच्या वेळी जठर, त्यातील द्रव आणि लहान आतड्याचा भाग एका रुंद तोंडाच्या बरणीत, यकृत-मूत्रपिंडाचे भाग दुसरीत, असे संपृक्त मिठाच्या द्रावणात ठेवून सीलबंद करतात. रक्त वेगळे. त्याबरोबर वापरलेल्या मिठाच्या द्रावणाचाही नमुना निराळा पाठवतात, जेणेकरून विष मिठातून आले नाही हे दाखवता यावे. प्रयोगशाळेत अवयव बारीक करून द्रावकात घुसळतात, त्यात उतरलेला अंश पाणी व चरबीपासून शक्य तितका मोकळा करतात, आटवून थेंबभर करतात आणि तो थेंब पट्टीवर चढतो. एंडोसल्फान असेल तर एक नामी खूण मिळते. बाजारातले एंडोसल्फान मुळात दोन जुळ्या रचनांचे मिश्रण आहे, त्यामुळे पट्टीवर खाली-वर दोन ठिपके उठतात. मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज विरघळणारे, सिलिकाला घट्ट धरणारे. ते हेक्झेन-अॅसिटोनमध्ये फार वर जात नाही, तळाकडे रेंगाळते. तेथेच शरीरातील इतर पदार्थांची गर्दी असते. वर सांगितलेल्या खास फवाऱ्याची गरज यावरून ध्यानात येईल. आज पट्टीनंतर गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या यंत्रांनी खातरजमा करता येते.

आता अहवालाच्या वाचनाकडे वळू. काही वर्षांपूर्वी परिसरातील एका वस्तीवरचे कुटुंब असा कागद घेऊन आमच्याकडे आले. घरातील तरुण दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने फवारणी करत होता, पाठीवरचा पंप गळका होता. दुपारी घेरी येऊन पडला. दवाखान्यात पोट धुतले, सलाइन लागले, आठ-नऊ दिवस तो झुंजला आणि गेला. अहवालात लिहून आले : कोणतेही विष आढळले नाही. मालकाने तो कागद गावभर दाखवला आणि म्हणाला, पोरगा दारूने मेला, माझ्या फवारणीचा संबंध नाही. मृताच्या आईला सर्वांत लागले ते हे की सरकारनेच तिला खोटे ठरवले.

सरकारने तसे काही म्हटलेले नव्हते. पट्टी जे तिच्यापर्यंत पोहोचते तेवढ्याचीच साक्ष देते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरात लवकर मोडतात आणि लघवीवाटे निघून जातात. आठ-नऊ दिवसांच्या उपचारानंतर घेतलेल्या यकृतात मूळ द्रव्य शिल्लक राहण्याची शक्यता फारच कमी. त्यात विष कातडीतून आणि श्वासातून गेलेले, म्हणजे जठरात ते शोधणेच व्यर्थ. शिवाय पट्टीवर ठिपका डोळ्यांना दिसण्यासाठी साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास तरी पदार्थ लागतो. त्याहून कमी असेल तर 'आढळले नाही' हेच प्रामाणिक उत्तर आहे. 'आढळले नाही' आणि 'नव्हते' ही दोन वाक्ये एक नव्हेत. एखाद्या बखरीत आपल्या आजोबांचे नाव नाही, म्हणून आजोबा झालेच नाहीत असे कोणी म्हणेल काय?

मग साक्ष कोठे शोधायची? ज्या दिवशी माणूस दवाखान्यात आला त्या दिवसाच्या कागदांत. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या का, तोंडाला फेस होता का, अॅट्रोपीनची किती इंजेक्शने लागली, रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी झाली का, हे सर्व केसपेपरवर असते. त्या कुटुंबाकडे हे कागद होते, फक्त ते कोणी अहवालाशेजारी ठेवून वाचले नव्हते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे दोन्ही ठेवल्यावर त्यांनी अंतिम मतात उपचाराच्या नोंदींचा स्पष्ट उल्लेख केला. पहिल्या दिवशी पोट धुतलेले पाणी सीलबंद करून ठेवले असेल तर ते पुढे काढलेल्या अवयवांपेक्षा पुष्कळदा अधिक बोलके ठरते. आपले काही माजी विद्यार्थी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यांत परिचारिका आणि तंत्रज्ञ म्हणून कामाला लागतात. त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

अहवालात विष आढळले, तरीही एक प्रश्न उरतो. पट्टीवर उमटलेला मोनोक्रोटोफॉसचा ठिपका, ते पिऊन आले, कोणी पाजले, की वाऱ्याच्या उलट दिशेने फवारताना अंगात भिनले, हे सांगत नाही. त्यासाठी पंचनामा, कपडे, पंप, जागेवरचा डबा, साक्षीदार यांच्याकडे वळावे लागते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. एकाच हंगामात एवढी माणसे गेली म्हणून देशाचे लक्ष गेले. एकटादुकटा मजूर जातो तेव्हा संशय सवयीने आत्महत्येकडे वळतो, आणि मजूर आपल्या वस्तीतला असला की दारूकडे.

या फरकावर घराचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य शासनाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशकाच्या विषबाधेने झालेल्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे, आत्महत्येला नाही. परंतु ती योजना ज्याच्या नावे जमीन आहे त्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. पाठीवर पंप घेणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो. ज्याच्या अंगावर विष उडते त्याचे नाव सातबारावर नसते. रसायनशास्त्र येथे काही करू शकत नाही. ही तरतूद बदलण्याची मागणी समाजानेच लावून धरली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निवासी शाळेचे शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारच्या भोजनाने २३ बालके मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी 'औषधा'चा रिकामा डबा धुऊन पाण्याला, रॉकेलला, कधी तेलालाही वापरला जातो. सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाच्या हाती लोणचे किंवा तेल अशा डब्यातून पाठवू नये, ही पालकांना आग्रहाची विनंती. तो डबा धुतल्याने निर्धोक होत नाही.

अहवालाविषयी शेवटचे सांगणे व्यवहारातले आहे. न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ प्रमाणे, न्यायालयात पुरावा म्हणून थेट वाचला जातो, मात्र न्यायालयाला वाटल्यास ते तज्ज्ञाला बोलावून प्रश्न विचारू शकते. आपल्या वकील माजी विद्यार्थ्यांनी अशा वेळी विचारावे : शेजारी प्रमाण नमुना ठेवला होता का, किती द्रावकांत पट्टी चालवली, खातरजमा कोणत्या पद्धतीने केली, मिठाच्या द्रावणाचा नमुना तपासला का. आणि ज्या घरात मृत्यू झाला त्यांनी हे ध्यानात ठेवावे की अहवाल पोलीस ठाण्यात पोहोचला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो उपचाराच्या कागदांसह शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून अंतिम मत लेखी मागावे लागते, आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी लागते.